रिलीव्हर

मार्च २०२२. टीव्हीवर दिवसभर युक्रेन चालू असायचं. खाली पट्टी फिरत होती की चेर्नोबिलचा प्लांट रशियन सैन्याच्या ताब्यात गेलाय आणि कर्मचारी आतच अडकलेत, वर अँकर नेहमीसारखा ओरडत होता, आता स्फोट होणार का, युरोप संपणार का वगैरे. बाबा कप हातात धरून बघत होते, चहा पार गार झालेला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चोवीस फेब्रुवारीला सकाळी ह्यांची नाईट सुटायला हवी होती ना? मग ह्यांचा रिलीव्हर कुठेय?"

मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. "बाबा, युद्ध चालूय तिथे," म्हटलं.

"ते दिसतंय मला. पण डेस्क सोडता येत नाही ना."

ज्यांचं बालपण पॉवर स्टेशनच्या कॉलनीत गेलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. माझे बाबा ३१ वर्षं एका औष्णिक वीज केंद्रात ऑपरेशनला होते, शेवटी शेवटी शिफ्ट इन्चार्ज. तिथला पहिला नियम असा की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय, त्याला लॉगबुक दाखवून काय चालूय काय बंद आहे हे सांगितल्याशिवाय तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही. रिलीव्हरची बायको बाळंत होत असो, त्याची बस पंक्चर होवो, तो कुठेतरी टाईट होऊन पडलेला असो, तुमची डबल ड्युटी. संध्याकाळी प्लांटमधून निरोप यायचा, "साहेबांचा रिलीव्हर नाही आला", की आई काही न बोलता परत कणीक मळायला घ्यायची आणि मी सायकलवरून दुसरा डबा गेटपर्यंत पोचवायचे. गेटवरचा सिक्युरिटीवाला डबा हलवून बघायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "काय भाजी आज?"

तर बाबांच्या त्या एका प्रश्नामुळे मी शोधायला लागले की हा रिलीव्हर येतो कुठून. राहतात कुठे ही माणसं? चेर्नोबिलच्या आसपास तर कुणीच राहत नाही, ३० किलोमीटरचा निषिद्ध पट्टा आहे, हे आपल्याला माहीत असतं. प्रिप्यात नावाचं ओसाड शहर माहीत असतं, तो गंजलेला पिवळा आकाशपाळणा तर सगळ्यांनीच पाहिलाय. मग रोज कामावर येणारे कुठून येतात?

ते येतात स्लावुतिचहून. आणि तेव्हापासून मला ह्या गावाचं वेडच लागलंय म्हणा. मी तिथे गेलेले नाही, जाईन असंही वाटत नाही, पण रात्री झोप नाही आली की सॅटेलाईट मॅप उघडून त्याचे रस्ते बघत बसते.

गाव एवढंसंच. युद्धाआधी वस्ती २५ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे अशा गावाला धड तालुक्याचा मान पण मिळत नाही. युक्रेनच्या उत्तरेला, नीपर नदीच्या डाव्या तीरापासून थोडं आत, चहूबाजूंनी पाईनचं जंगल, बेलारूसची सीमा अगदी जवळ. प्लांटपासून पूर्वेला साधारण ४५-५० किलोमीटर. नावच मुळी नदीचं आहे, स्लावुतिच हे नीपरचं जुनं स्लाव्ह नाव. आणि एक गंमत म्हणजे गाव आहे चेर्निहिव प्रांताच्या पोटात पण कारभार कीव्ह प्रांताचा. कारण प्लांट कीव्ह प्रांतात, मग प्लांटची माणसंही त्याच दप्तरात. सरकारी फायलींचं लॉजिक जगभर सारखंच असतं बहुतेक.

गावाचा जन्म कसा झाला ते तर फारच अजब. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चौथ्या युनिटचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिप्यातमधल्या जवळपास पन्नास हजार माणसांना बसमध्ये घालून बाहेर काढलं, तीन दिवसांचं सामान घ्या म्हणून सांगितलं. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. पण ज्या गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही ती अशी की प्लांट बंद झालाच नाही! चौथं युनिट गेलं, पण उरलेली तीन होती, सोव्हिएत देशाला वीज हवी होती, आणि १९८६ संपायच्या आत पहिलं आणि दुसरं युनिट परत चालू झालं, पुढच्या वर्षी तिसरं पण. चौथ्याला लागून असलेलं तिसरं! मधे काँक्रीटची भिंत घालून. (बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "हम्म" म्हणाले. त्या हम्ममध्ये बरंच काही होतं, ग्रिडवाल्यांचे फोन, वरून प्रेशर, सगळं.)

युनिट चालवायची म्हणजे शिफ्टची माणसं हवीत. सुरुवातीला त्यांची सोय झेलेनी मिस नावाच्या तात्पुरत्या वसाहतीत केली, पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस सुट्टी, बायकापोरं कुठेतरी लांब पाहुण्यासारखी राहिलेली. असं किती दिवस चालणार? म्हणून ऑक्टोबर १९८६ मध्ये वरून हुकूम निघाला की नवीन गाव बांधा. जागा निवडली ती रेल्वे लाईनवरची, कारण माणसांची ने-आण करायला सोपी. त्या जागेवरही थोडाफार किरणोत्सारी सीझियम पडलेलाच होता, तर बाहेरून स्वच्छ माती आणून तिचा जवळपास दोन मीटर जाड थर दिला आणि त्याच्यावर गाव उभं केलं. आपल्याकडे शेतात गाळ टाकतात तसं. ऑक्टोबर १९८८ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. दोन वर्षांत शाळा, दवाखाना, बागा सगळं. आमच्या कॉलनीत नुसतं क्लब हाऊसचं छत बदलायला चार वर्षं लागलेली आठवतात.

आता खरी मजा. हे गाव कुणा एकाने बांधलं नाही. सोव्हिएत संघातल्या आठ प्रजासत्ताकांनी मिळून बांधलं, रशिया, युक्रेन, लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान. प्रत्येकाने आपले आर्किटेक्ट पाठवले, आपले गवंडी पाठवले, आपलं सामान पाठवलं, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीची वस्ती उभी केली. त्या वस्त्यांना तिकडे क्वार्टर म्हणतात. (आमच्याकडे क्वार्टर म्हणजे टाईप-टू, टाईप-थ्री अशी खोल्यांची चळत, आणि कॉलनीतल्या काही काकांच्या भाषेत क्वार्टर म्हणजे अजून वेगळंच.) तर तिथे येरेवान क्वार्टर आहे, त्याला आर्मेनियाहून आणलेला गुलाबी दगड लावलेला. बाकू क्वार्टर आहे, तिबिलिसी क्वार्टर आहे. तालिन, रिगा आणि विल्नियस आहेत, तिकडची घरं बुटकी, उत्तर युरोपच्या वळणाची. शिवाय कीव्ह, चेर्निहिव, आणि बेलगोरोद नि मॉस्को पण.

म्हणजे तालिनमधून निघून सकाळच्या फिरण्यात बाकूला पोचता येतं. वाटेत दूध पण घेता येतं.

मी त्या मॅपवर बोट फिरवते तेव्हा तारखा डोक्यात यायला लागतात. बाकू आणि येरेवान क्वार्टर जेव्हा एकाच गावात बांधून होत होते त्याच वर्षी, १९८८ मध्ये, तिकडे अझरबैजान आणि आर्मेनियामध्ये काराबाखवरून रक्तपात सुरू झाला होता. इकडे दोघांचे गवंडी एकाच गावात भिंती चढवताहेत. गावात लोक राहायला येऊन दोनच महिने झाले आणि ७ डिसेंबरला आर्मेनियात स्पिताकचा भूकंप झाला, हजारो घरं पत्त्यासारखी कोसळली. ज्या देशाने पाहुण्याचं घर बांधून दिलं त्याची स्वतःचीच घरं गेली. त्यानंतर तीन वर्षांत तो सोव्हिएत संघच राहिला नाही आणि आठ प्रजासत्ताकांचे आठ देश झाले. लग्नाचा आहेर ज्या एकत्र कुटुंबाने केला ते कुटुंब वाटण्या करून मोकळं, आहेर मात्र अजून वापरात. बेलगोरोद तर आता युद्धाच्या बातम्यांत रोज ऐकू येणारं नाव आहे, सीमेपलीकडचं.

आणि गावात पोरंच पोरं. प्लांटमध्ये नोकरी म्हणजे तरुण माणसं, पगार बरा, घर फुकट, त्यामुळे स्लावुतिच कितीतरी वर्षं युक्रेनमधलं सगळ्यात तरुण गाव म्हणून ओळखलं जायचं, जन्मदरही वरचा. जगातल्या सगळ्यात मोठ्या अणुअपघातामुळे जन्मलेलं गाव, आणि गावात बाबागाड्यांची गर्दी. ह्याचं मला आश्चर्य वाटत नाही. आमच्या कॉलनीत पण चिमणीची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, आई कपडे झटकून घडी घालायची, आणि संध्याकाळी ग्राउंडवर पन्नास-साठ पोरांचा कल्ला असायचा. बाहेरून येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला कळायचंच नाही की ह्यांना झालंय काय.

ट्रेनचं तर सांगायलाच हवं. स्लावुतिचहून प्लांटला जाणारी लोकल. शिफ्टच्या वेळेला सुटायची, तासाभराच्या आत सेमिखोदी नावाच्या स्टेशनला पोचायची, ते स्टेशन म्हणजे प्लांटचं दारच. वाटेत नीपर ओलांडायची, प्रिप्यात नदी ओलांडायची, आणि मधे चक्क दुसऱ्या देशातून जायची. नीपरच्या पलीकडे थोडा पट्टा बेलारूसचा आहे. सोव्हिएत काळात लाईन टाकताना कुणाला काय फरक पडत होता, १९९१ नंतर तो परदेश झाला. पण गाडी तशीच जात राहिली, मधे थांबणं नाही, पासपोर्ट नाही, काही नाही. डब्यात लोक पत्ते खेळताहेत, कुणी पुस्तक वाचतंय, नाईटवाले परतीला मान टाकून झोपलेत, आणि खिडकीबाहेर एक देश येऊन जातोय. कर्जत लोकलमध्ये कशी चौथ्या सीटवाल्याची जागा ठरलेली असते तसंच तिथेही असणार, माझी खात्री आहे. परत येताना मात्र कपडे बदलायचे, यंत्रात उभं राहून अंगावर काही चिकटलंय का हे तपासून घ्यायचं, मग गाडीत बसायचं.

मग १५ डिसेंबर २००० आला. तेव्हा फक्त तिसरं युनिट चालू होतं. दुसरं १९९१ च्या आगीनंतर बंद पडलेलं, पहिलं १९९६ मध्ये बंद केलं. पाश्चात्य देशांशी आधीच करार झाला होता, त्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष कुचमांनी कीव्हमधल्या एका समारंभातून व्हिडिओ लिंकवर हुकूम दिला आणि शेवटचं युनिट बंद झालं. जगाने टाळ्या वाजवल्या. स्लावुतिचमध्ये कोण टाळ्या वाजवणार? प्लांटवर आधी नऊ हजारांच्या घरात माणसं कामाला होती, पुढच्या काही वर्षांत त्यातली बहुतेक कमी झाली. एका दिवसात गावाच्या असण्याचं कारणच काढून घेतल्यासारखं.

हे मला थोडं कळतं. आमच्याकडे जुनी दोन युनिटं स्क्रॅप केली त्या दिवशी बाबा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, तरी ते मुद्दाम बसने गेले. चिमणी पाडताना बघायला. परत आले आणि जेवले नाहीत. फक्त म्हणाले, "आठ सेकंदांत बसली." अजूनही कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ दर सहा महिन्यांनी कुणीतरी टाकतं आणि खाली हात जोडलेले इमोजी येतात.

पण कोळशाचं केंद्र पाडता येतं, अणुभट्टी नाही पाडता येत. ती बंद केल्यावर सुद्धा तिच्यापाशी बसावं लागतं. वीस हजारांवर जळून झालेल्या इंधनाचे जुडगे पाण्याच्या हौदात ठेवलेले, त्यांचं पाणी, त्यांचं तापमान, पंप, व्हेंटिलेशन. चौथ्या युनिटवर १९८६ मध्ये २०६ दिवसांत घाईघाईने उभारलेलं काँक्रीटचं आवरण, ते जुनं व्हायला लागलं म्हणून त्याच्यावर २०१६ मध्ये रुळांवरून सरकवत आणलेली ती प्रचंड कमान, १०८ मीटर उंच, ३६ हजार टनांची. पूर्ण आवराआवर संपायला २०६५ उजाडेल असा सरकारी हिशोब आहे. म्हणजे वीज शून्य, शिफ्ट चालूच. दोन-अडीच हजार लोक रोज गाडी पकडून एका मेलेल्या प्लांटवर जात राहिले, आणि २००० नंतर जन्मलेली पोरंसुद्धा मोठी होऊन तिथेच लागली.

टुरिस्ट मात्र स्लावुतिचला जात नाहीत. युद्धाआधी कीव्हहून दिवसाच्या सहली निघायच्या, प्रिप्यात बघा, बाहुली आणि गॅसमास्कचा फोटो काढा, संध्याकाळी हॉटेलवर परत. आपल्याकडच्याही कितीतरी लोकांचे असे फोटो आहेत. ओसाड गाव बघायला पैसे देऊन जातात आणि जे जिवंत गाव आहे त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. मला ह्याचा जरा रागच आहे. गावाने आपल्या परीने प्रयत्न केले म्हणा, २०१४ पासून '८६' नावाचा सिनेमा आणि शहरांविषयीचा फेस्टिव्हल भरवला, सरकारी इमारतींच्या छपरांवर लोकांनी वर्गणी काढून सोलर पॅनेल बसवले. अणुवाल्यांच्या गावात सोलर! बाबा हसले होते ह्यावर, पण चांगलं हसले.

जंगलात मश्रूम असतात. तिकडच्या लोकांना मश्रूमचा नाद म्हणजे आपल्याकडे पहिल्या पावसानंतर रानभाज्या आणायला सुटतात तसा, बादल्या घेऊन जायचं, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवायचे. आणि मश्रूम नेमका जमिनीतला सीझियम ओढून घेतो. सीझियम-१३७ निम्मा व्हायलाच ३० वर्षं लागतात, म्हणजे १९८६ चा जो होता तो २०१६ मध्ये अर्धा झाला, उरलेला अजून आहे. म्हणून मश्रूम आणले की आधी तपासून घ्यायचे आणि मग कढईत. सवयीची गोष्ट. जिथे लहानाचे मोठे झालो तिथल्या विषाची पण माणसाला सवय होते, आपल्याला नाही का बोअरच्या पाण्याची असते.

दर वर्षी २६ एप्रिलच्या रात्री गाव जागं असतं. चौकात स्मारक आहे, त्यावर स्फोटात आणि नंतर लगेच गेलेल्यांचे चेहरे कोरलेत. लोक मेणबत्त्या घेऊन येतात, आणि बरोबर १ वाजून २३ मिनिटांनी सगळे शांत उभे राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या चेहऱ्यांबरोबर शिफ्ट केलेली असते. किंवा त्यांच्या आईवडिलांनी.

तर आता बाबांच्या प्रश्नाकडे.

२३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री नेहमीप्रमाणे नाईट शिफ्ट गाडीत बसून गेली. सकाळी सुटायची होती. पहाटे युद्ध सुरू झालं, बेलारूसच्या बाजूने रणगाडे आले आणि दुपारनंतर प्लांट रशियनांच्या हातात. गाडी बंद. पुढे पूल पण उडवले गेले. रिलीव्हर नीपरच्या ह्या बाजूला घरी अडकलेले, ड्युटीवाले त्या बाजूला बंदुकीखाली. शिफ्टचे शंभरेक लोक, शिवाय नॅशनल गार्डचे जवान. शिफ्ट इन्चार्ज होते वॅलेंतिन हैको. बारा तासांची नाईट सहाशे तासांची झाली.

सहाशे. मी बाबांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "पंचवीस दिवस," म्हणाले. त्यांचा स्वतःचा रेकॉर्ड ४० तासांचा, एका पुराच्या वेळचा, जो आम्ही हजार वेळा ऐकलाय. नंतर तो त्यांनी कधी सांगितला नाही.

टेबलांवर झोपायचं, जमिनीवर झोपायचं. मोजकं खाणं. आणि झोप अर्धवट झालेल्या माणसाने पंपाचा व्हॉल्व्ह बघायचा. रोज सकाळी नऊ वाजता लाऊडस्पीकरवर युक्रेनचं राष्ट्रगीत लागायचं, सगळे उभे राहायचे आणि मग कामाला जायचे, बंदूकवाले बाजूला उभे असताना. ९ मार्चला बाहेरून येणारी वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल जेमतेम दोन दिवसांचं. नंतर कर्मचाऱ्यांनीच सांगितलं की शेवटी रशियनांचं डिझेल चोरून जनरेटर चालू ठेवला. बाबांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, दोनदा सांगायला लावली. म्हणे, "ऑपरेशनवाला आहे तो."

इकडे स्लावुतिचमध्ये काय चाललं असेल? चेर्निहिवला वेढा पडलेला, रस्ते तुटलेले, वीज नाही, औषधं संपत आलेली, लोक अंगणात चुलीवर भाकऱ्या भाजताहेत, आणि ज्याचं माणूस प्लांटवर आहे त्याच्या घरी फोनकडे बघत बसणं. आईला मी विचारलं होतं तेव्हा, तू काय केलं असतंस. आई म्हणाली, "डबा कुठनं पाठवणार होते मी?" आणि आत निघून गेली.

मग २० मार्चला अदलाबदल ठरली. आणि इथे बघा, सक्ती करणार कोण? पलीकडे शत्रूच्या ताब्यातला प्लांट, परत कधी येणार माहीत नाही. तरी गावातून ४६ लोक स्वतःहून तयार झाले. पूल नाही म्हणून नीपर होडीतून ओलांडली. त्यांनी जाऊन डेस्क घेतलं तेव्हा आतले निम्मे लोक सुटले. दुसऱ्या दिवशी बाकीचे. त्यातही तेरा जण म्हणाले आम्ही नाही जात, आणि थांबले. मी त्या तेरा जणांची नावं शोधत नाही. पण बाबा अधूनमधून विचारतात, "ते तेरा कोणत्या सेक्शनचे होते ग?"

त्यानंतर पाचच दिवसांत रशियन सैन्य गावात शिरलं. २६ मार्च. दवाखाना ताब्यात घेतला, महापौर युरी फोमिचेव्ह यांना धरून नेलं. गावाच्या वेशीवर अडवायला गेलेल्यांपैकी किमान तीन जण मेले. आणि मग लोक बाहेर आले. त्याचा व्हिडिओ आहे, मी बऱ्याचदा पाहिलाय. चौकात पांढऱ्या देवदूताचा उंच पुतळा, खाली हजारो माणसं थंडीच्या जाड जॅकेटांत, आणि एक लांबच लांब निळा-पिवळा झेंडा, पताकेसारखा वर नाही धरलेला, सतरंजी न्यावी तसा दोन्ही बाजूंनी हातात आडवा धरलेला. सैनिक हवेत गोळ्या मारतात, आवाजाचे बॉम्ब फेकतात, धूर होतो. गर्दी जराशी मागे येते, आणि परत पुढे. एक बाई झेंड्याचा काठ सोडत नाही, एका हाताने कान दाबलाय आणि दुसऱ्या हाताने काठ. महापौरांना सोडलं. बोलणी झाली, गावात शस्त्रं नाहीत हे बघून घ्या आणि जा. दोन दिवसांत सैन्य गावाबाहेर गेलं, ३१ तारखेला प्लांटवरूनही निघालं. जाताना १६९ गार्ड्सना कैदी करून घेऊन गेले. त्यातले काही पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत आले, पण वर्षानुवर्षं लागली. त्यांचा रिलीव्हर कोण असणार होता.

आता ती गाडी नाही. पूल गेला आणि बेलारूसमधून जायचा प्रश्नच उरला नाही. ४५ किलोमीटरवरच्या ड्युटीला पोचायला बसने चेर्निहिव, तिथून कीव्ह, तिथून परत वर उत्तरेला, असा तीनशेहून जास्त किलोमीटरचा वळसा. रोज येणं-जाणं अशक्य, म्हणून तिकडेच आठवडा-पंधरवडा मुक्काम आणि मग घरी सुट्टी. म्हणजे १९८६ ची झेलेनी मिसवाली पद्धत परत आली. जी टाळायला म्हणून गाव बांधलं होतं.

घरी आलं तरी वीज असेलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२५ ला स्लावुतिचच्या सबस्टेशनवर हल्ला झाला, गाव अंधारात गेलं, आणि त्याच्याबरोबर चेर्नोबिलच्या त्या कमानीची वीजसुद्धा तीन तासांहून जास्त गेली. म्हणजे प्लांटने गावाला वीज द्यायचा जमाना गेला, आता गावाचा दिवा विझला की प्लांटचा विझतो. बाबांना ही लाईन डायग्रॅम काढून दाखवावी लागली मला, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात.

त्याच वर्षी आधी, १४ फेब्रुवारीला, पहाटेच्या दोनच्या सुमाराला एक ड्रोन त्या कमानीवर येऊन आदळला. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हीला भोक. मधल्या थरात आग धुमसत राहिली ती तीन आठवडे. वर चढून, छपराला भोकं पाडून पाडून ती विझवावी लागली. सकाळी मी बातमी वाचली आणि बाबांना फोन केला, ते आता गावी असतात, ऐकायला कमी येतं. म्हटलं, "बाबा, चेर्नोबिलवर ड्रोन पडला. पण रेडिएशन वाढलेलं नाही म्हणताहेत, रीडिंग नॉर्मल आहे."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं कट झाला.

"रीडिंग किती वाजताचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. रात्रीचंच असणार."

"मग नाईटवाल्यानेच घेतलं असेल," बाबा म्हणाले. "बघ, सकाळी त्याचा रिलीव्हर आला का ते."